मी मोजलेली कुलपं

लोणावळ्याला नगरपरिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्या काळात हाताखालून किती मुलं गेली ते मला सांगता येणार नाही. पण या गावात कुठल्या आळीत नळ घरात आहे आणि कुठल्या आळीत कोपऱ्यावर, कुणाचं छप्पर पत्र्याचं आणि कुणाचं कौलारू, हे विचारलंत तर मी सांगत सुटेन. मला थांबवावं लागेल. कारण शिक्षकाला शिकवण्याखेरीज जी कामं करावी लागतात, त्यांतलं सगळ्यांत मोठं काम मी दोनदा केलं आहे. ते म्हणजे जनगणना.

सुट्टीला येणाऱ्यांना वाटतं लोणावळा म्हणजे चिक्की, धुकं आणि कांदाभजी. इथे माणसं राहतात, त्यांना रेशनकार्ड असतं, त्यांची मुलं आजारी पडतात, हे त्यांच्या गावीही नसतं. गाव खरं तर कामकऱ्यांचं. घाटात रेल्वे आली तेव्हा बोगदे खणायला माणसं आली, मग गाड्या चालवायला आली, मग धरणं बांधायला आली. जो आला तो राहिला. रेल्वेच्या चाळीतल्या कोळशाच्या इंजिनावर काम केलेल्या एका म्हाताऱ्या फायरमनकडे मी घरयादी घ्यायला गेले, तर त्यांनी "घरात माणसं किती?" या प्रश्नाचं उत्तर पणजोबांपासून सुरू केलं. पणजोबांनी घाटात सुरुंग लावले होते. मी म्हटलं, "आबा, आत्ता हयात असलेली सांगा." ते म्हणाले, "मग मजा काय?" त्या एका घरात माझे दोन तास आणि तीन कप चहा गेले, पण गावाचा इतिहास मला शाळेच्या पुस्तकात भेटला नव्हता तो तिथे भेटला.

काम कसं असतं ते सांगते. आधी घरं मोजायची, मग काही महिन्यांनी माणसं. प्रत्येकीला गावाचा एक तुकडा मिळतो, त्याला ब्लॉक म्हणायचं. त्या ब्लॉकचा नजरी नकाशा आपणच काढायचा. पक्कं घर म्हणजे चौकोन, कच्चं घर म्हणजे त्रिकोण. माझी चित्रकला पहिलीपासून कच्ची, त्यामुळे माझे चौकोन आणि त्रिकोण ओळखायला पर्यवेक्षक चष्मा बदलायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाची व्याख्या म्हणजे कुटुंबाची. एका स्वयंपाकाला जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. नातं असो नसो. एका चिक्कीवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर नऊ कारागीर राहत होते. नऊ जणांची गावं वेगळी, पण आमटीचं पातेलं एकच. मी त्यांना एका कुटुंबात घातलं. त्यांतला सगळ्यांत थोराड गडी म्हणाला, "बाई, मंग कुटुंबप्रमुख कोन?" बाकीच्यांनी आमटी करणाऱ्याकडे बोट दाखवलं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, पण पहिल्या वेळी माझ्या हातून जे झालं ते सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

पहिल्या वेळी ब्लॉक वाटले गेले तेव्हा मला तुंगार्लीच्या धरणाकडे चढणारा रस्ता मिळाला. सगळा बंगल्यांचा. शिक्षकांच्या खोलीत माझ्यावर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. "तुमचं बरंय बाई, सोफ्यावर बसून फॉर्म भरा, काजू खा." काजू राहू दे, माझ्या वाट्याला आली ती कुलपं. मुंबईच्या आणि पुण्याच्या लोकांचे सुट्टीचे बंगले ते. फाटकाला कुलूप, दाराला कुलूप, आणि फाटकाआड माझ्याकडे बघून भुंकणारा कुत्रा. नियम असा की पुन्हापुन्हा जाऊन यायचं, आणि तरी कुणी भेटलं नाही तर 'बंद' लिहायचं. मी शनिवारी गेले, रविवारी गेले, मग शाळा सुटल्यावर गेले. तंगड्या तुटल्या.

त्या रस्त्याच्या टोकाला 'निवांत' नावाचा बंगला होता. मोठं चाफ्याचं झाड, मागे पोहण्याचा तलाव. चढण चढून मी फाटकाशी पोचले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. एक बाई अंगण झाडत होती. कडेवर तान्हं मूल.

मी विचारलं, "या घरात कोण राहतं?"

"कोन न्हाई, बाई. मालक मुंबईला असत्यात."

"कधी येतात?"

"आलं तर शनवारी. न्हाई तर न्हाई."

माझा चेहरा बघून ती मागे गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. गार, माठातलं. मी फाटकाबाहेर उभ्या उभ्या घटाघटा प्यायले, तिला "बरं वाटलं गं" म्हटलं, आणि लिहायचा पुठ्ठा हातावर धरून त्या घरापुढे 'बंद' लिहिलं.

माझे यजमान देहूरोडच्या डेपोत होते. मी घरी येऊन पाय शेकत दिवसभराचा हिशेब सांगत होते तेव्हा ते म्हणाले, "माणसं मोजायला जातेस आणि कुलपं मोजून येतेस." मी हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला आठ वर्षं लागली.

आठ वर्षांनी माझ्या तिसरीच्या वर्गात मंदा नावाची मुलगी होती. हुशार. पाढे म्हणताना डोळे मिटायची. पण शुक्रवारी आणि शनिवारी हटकून गैरहजर, कधी सोमवारीही. मग त्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. महिना गेला. मी तापट आहे, मुलं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. एका दुपारी मी पत्ता विचारत विचारत तिच्या आईबापाला झाडायच्या तयारीनं निघाले. पत्ता मला त्याच चढणीवर घेऊन गेला. त्याच फाटकाशी. 'निवांत'.

बंगल्याला कुलूप होतं. यावेळी मी मागे गेले. तलावाच्या पलीकडे, भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली. बाहेर दोरीवर लुगडी, चुलीवर भात. आणि चाफ्याच्या झाडाला लुगड्याच्या लांब पट्ट्यानं कमरेशी बांधलेला दोनेक वर्षांचा पोरगा. शेजारी मंदा बसलेली. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहावी तशी.

"त्याला बांधलंय का?" मी ओरडलेच.

"पान्यात जातो," मंदा म्हणाली.

तिची आई, चांगुणा, बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या पुसून खाली आली. शनिवारी पाहुणे येणार होते. नवरा बाग बघायचा, सासू आंधळी झालेली. तिनं सांगितलं, एकदा सोन्या तलावात पडला होता, नवऱ्यानं उडी मारून काढला. तेव्हापासून मंदीला घरी ठेवलं. पोराला सांभाळायला दुसरं होतं कोण? जवळची अंगणवाडी खाली, हायवेच्या पलीकडे. तिथं नेऊन सोडायचं तर कामाची खोटी.

मी विचारलं, "इथं कधीपासून राहता तुम्ही?"

"मंदीच्या जल्माच्या आदुगरपास्नं."

मी तिच्याकडे नीट बघितलं. "मग मी मागे मोजायला आले होते, तेव्हा..."

"व्हय की. तुमाला पानी म्याच दिलतं." ती हसली. "मंदी कडंवं व्हती."

तिनं टोमणा मारला नव्हता. ओळख निघाली याचा तिला आनंदच झाला होता. मला मात्र तिथे जमिनीत शिरावंसं वाटलं. मी त्या मुलीला पाहिलं होतं. तिच्या आईच्या हातचं पाणी प्यायले होते. आणि दोघींना न लिहिता उतरून गेले होते.

नंतर चौकशी केली तेव्हा मला सगळा घोटाळा उमगला. बंगल्यावर काम करणाऱ्यांची एक रीत असते. फाटकाशी कुणी काहीही विचारलं तरी उत्तर मालकाच्या वतीनं द्यायचं. 'घरात कोण राहतं' म्हणजे मालक आहे का. स्वतःचं सांगायचं नसतं, कारण स्वतःबद्दल कुणी विचारतच नाही. तिकडे डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर मोजणारा गेला, तर भावकीनं सांगितलं, ती बंगल्यावर असत्यात, हितं न्हाईत. तेही खरंच. म्हणजे चांगुणाचं घर वाडीवरही नव्हतं आणि माझ्या ब्लॉकमध्येही नव्हतं.

आता इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही सुदुंबऱ्याचे. आजोबांनी दीक्षा घेतली होती. मी लहान असताना एक गुरुजी मोजणीला आले आणि धर्माच्या रकान्यात त्यांनी न विचारताच जुनं लिहून टाकलं. वडील शेतातून आले, त्यांनी कागद बघितला आणि गुरुजींना बसवून ठेवलं. म्हणाले, "आमी काय हाये ते आमी सांगनार. तुमी लिवायचं." गुरुजींनी खोडून 'बौद्ध' लिहिलं. आई तोवर त्यांना चहा देत नव्हती. असल्या घरात वाढलेली मी. मला तरी हे कळायला हवं होतं.

मंदाचं तिसरीचं वर्ष वाया गेलं, ते मला वाचवता आलं नाही. पण त्या रस्त्यावर अंगणवाडी हवी म्हणून मी अर्ज लिहिला. चांगुणाचा अंगठा घेतला, शाळेतल्या आणखी चार जणांच्या सह्या घेतल्या, आणि एका कचेरीत जाऊन बसले. तिथले कारकून भले गृहस्थ होते. त्यांनी फाईल काढली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, त्या रस्त्याला वस्तीच नाही. सगळे बंद बंगले. वस्ती नाही तर अंगणवाडी कशी देणार?"

"कुणी सांगितलं?"

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. ब्लॉकचा नंबर माझा होता. प्रगणकाचं नाव माझं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते बिचारे गोंधळले, म्हणाले, "मग पुढच्या मोजणीपर्यंत थांबा." दुसरं ते काय बोलणार?

दोन वर्षं मी पुढच्या मोजणीची वाट बघितली. ब्लॉक वाटायचा दिवस आला तेव्हा मी स्वतः हात वर केला. "मला तुंगार्लीचा रस्ता द्या." वाटप करणाऱ्यांना वाटलं मला बरं नाही. त्या चढणीसाठी आजवर कुणी हात वर केला नव्हता.

यावेळी मी शनिवार-रविवार टाळला, कारण पाहुण्यांच्या गडबडीत कामकऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मंगळवारी जायचे. घंटी वाजवायची नाही. बंगल्याला वळसा घालून मागे जायचं, दोरीवर कपडे बघायचे, त्यात झबलं आहे का ते बघायचं. आणि 'घरात कोण राहतं' हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. माझी सुदुंबऱ्याची बोली मी नोकरी लागल्यावर ट्रंकेत घालून ठेवली होती, ती बाहेर काढली. विचारायचे, "हितं चूल कुनाची पेटती?" मग मात्र उत्तरं यायला लागली. भिंतींच्या मागून, गॅरेजच्या वरून, पंपाच्या खोलीतून.

पण सगळ्यात आधी मी गेले होते ती 'निवांत'वर, आणि तिथेच अडले. चांगुणाच्या मांडीवर आता सहा महिन्यांची धाकटी होती. मी फॉर्म काढला तशी ती मागे सरकली.

"बाई, आमचं नगा लिवू."

"का गं?"

"मालकानं सांगितलंय, हितल्या पत्त्यावं कुटल्या कागदाला नाव लावायचं न्हाई. नाव लागलं की जागंवं हक्क सांगत्यात म्हनं. त्यास्नी कळलं तर हाकलतील. वाडीवं घर ऱ्हायलं न्हाई आमचं, पडलं. कुटं जायाचं?"

मी तिला समजावलं की या मोजणीतलं नाव कुणालाही दाखवत नाहीत, मालकालाही नाही. त्यानं जागेवर हक्क लागत नाही आणि जातही नाही. ती ऐकत होती, पण तिचे डोळे फाटकाकडे होते. मला तिच्यावर जबरदस्ती करता आली असती, मोजणीला माहिती द्यावीच लागते. पण माझी जीभ रेटेना. आधीच्या वेळी मी तिला न विचारता गाळलं होतं, आता न विचारता लिहायचं का? मी म्हटलं, "विचार कर. मी उद्या येते."

तिनं नाही म्हटलं तर तो रस्ता पुन्हा दहा वर्षं रिकामा राहणार होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती फाटकाशी उभी होती. नवरा मागे फावडं धरून.

"लिवा," ती म्हणाली. "सोन्या चालाया लागला तवा मंदीला सालभर घरी ठिवली. आता ही आली. पुन्यांदा ठिवायची न्हाई मला. मालकाचं मी बघन."

मी ओट्यावर बसून सहा नावं लिहिली. सासूबाईंपासून सुरुवात केली. माझं अक्षर शाळेत प्रसिद्ध आहे, पण इतकं सुबक मी फळ्यावरही कधी काढलं नसेल.

त्या महिन्यात त्या एका रस्त्यावर जी माणसं निघाली ती बघून मीच थक्क झाले. उंच भिंतींमुळे त्यांची एकमेकांशी धड ओळख नव्हती. बिहारकडचे होते, सोलापूरकडचे होते, आमच्या मावळातले होते. नावं कुणाला सांगायची नसतात, ती मी सांगितली नाहीत. पण एक गोष्ट मी केली. चांगुणाला म्हटलं, "या रस्त्याला शाळेत न जाणारी बारकी पोरं सोळा आहेत." हे नियमात बसतं का ते मला अजून ठाऊक नाही. आता पेन्शन चालू आहे, म्हणून लिहिते.

ती बघतच राहिली. "सोळा? कुटं हायेत?"

मी म्हटलं, "भिंतींच्या मागं."

तिनं काय करावं? तिनं फाटकं वाजवली. आठ दिवसांत पाच-सहा बायकांनी आपसांत ठरवून टाकलं. ज्या बंगल्याला तलाव नाही त्याच्या मागच्या अंगणात सगळी पोरं जमवायची, आणि बायकांनी आळीपाळीनं एकेक दिवस सांभाळायची. शनिवारी पाहुणे आले तरी एखादी मोकळी असायचीच. धाकटी तिथे गेली. मंदा शाळेत राहिली. सरकारी अंगणवाडी यायला पुढे बरीच वर्षं लागली. कचेऱ्यांचे उंबरठे मी किती झिजवले ते सांगत नाही. शेवटी पाण्याच्या टाकीजवळच्या पंपाच्या जुन्या खोलीला चुना लागला, फळा लागला, आणि ती सुरू झाली. चांगुणाच्या धाकटीला तिचा काडीचा उपयोग झाला नाही, ती तोवर पाचवीत होती. ही रुखरुख मला आहे. पण मंदानं, पुढे मोठेपणी आणखी दोन वर्षं शाळा सुटली तरी, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली आणि आज ती त्याच अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांवर ओरडत नाही. हे ती माझ्याकडून शिकली नाही, एवढं नक्की.

मालकाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. त्यांना कळलंच नाही, आणि पुढे चांगुणानंच एकदा सांगितलं तर म्हणाले, बरं.

यंदा पुन्हा घरं मोजायला सुरुवात झाली. आता वही नाही, मोबाईल आहे. माझे त्रिकोण-चौकोन कुणाला लागणार नाहीत. मी सकाळी त्या चढणीवर फिरायला जाते, गुडघे कुरकुरतात तरी जाते. एके दिवशी 'निवांत'च्या फाटकाशी एक तरुण शिक्षिका उभी होती. गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. तिनं घंटी वाजवली, वाट बघितली, कुलूप हलवून पाहिलं आणि मोबाईलवर बोट टेकवायला लागली. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. एवढ्यात चाफ्यामागून चांगुणा आली. केस पांढरे झालेत, हातात खराटा तोच. त्या मुलीनं विचारलं, "मावशी, या घरात कोणी राहतं का?"

मी रस्त्याच्या पलीकडेच थांबले.

चांगुणानं खराटा भिंतीला टेकवला. "बंगल्यात कोन न्हाई, म्याडम. पर मागं आमी सात जन ऱ्हातो. चूल आमची पेटती हितं."

"हो का? बरं झालं सांगितलंत," ती मुलगी कपाळ पुसत म्हणाली. "मावशी, आधी थोडं पाणी मिळेल का?"

"पानी देते की. गार हाये, माठातलं," चांगुणा फाटक उघडत म्हणाली. "पर पैलं लिवून घ्या."